विल्यम बिलिंग्जच्या रचना: कशा घडल्या, कशा गायच्या

अमेरिकेतल्या पाश्चात्त्य संगीताचा इतिहास उघडला की सुरुवातीलाच विल्यम बिलिंग्ज हे नाव येतं, आणि त्याच्यामागोमाग दोन ठरलेली विधानं येतात. एक, अमेरिकेत जन्मलेला हा पहिला मोठा रचनाकार. दोन, त्याला संगीताचे नियम धड येत नव्हते. पहिल्यावर फारसा वाद नाही. दुसऱ्याचा निकाल लावायचा तर १८व्या शतकातल्या बॉस्टनमध्ये गाणं शिकवलं कसं जायचं, चार आवाजांची रचना कोणत्या क्रमानं लिहिली जायची आणि गाण्याची पुस्तकं विकत कोण घ्यायचं, हे बघावं लागतं. त्यातून त्याच्या ‘चुकां’चा उगम सापडतो. एवढं नाव झालेला माणूस गरिबीत का मेला, याचं उत्तरही तिथंच आहे.

बिलिंग्ज ७ ऑक्टोबर १७४६ रोजी बॉस्टनमध्ये जन्मला. १४ वर्षांचा असताना वडील गेले, शाळा सुटली आणि तो कातडी कमावण्याच्या धंद्यात उमेदवारीला लागला. हा धंदा पुढे त्याला अधूनमधून साथ देत राहिला. सेलम गावचे धर्मगुरू विल्यम बेंटली यांनी त्याच्या मृत्यूनंतर रोजनिशीत त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: मध्यम चण, एक पाय आखूड, एक डोळा अधू, कपड्यालत्त्यांकडे कमालीचं दुर्लक्ष, पण बोलणं, गाणं आणि विचार सामान्यांपेक्षा वरचढ. तपकिरीचं व्यसन जबरदस्त. संगीत तो कुणाकडून किती शिकला याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. विल्यम टॅन्सर या इंग्रज रचनाकाराची पुस्तकं तेव्हा बॉस्टनच्या आसपास सगळीकडे वापरात होती. त्यांतले नियम आणि गाण्याच्या वर्गातला सराव, एवढ्या भांडवलावर त्याची पिढी उभी राहिली.

गाण्याची शाळा

न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेचा ईशान्य भाग. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये वाद्यांना मज्जाव होता. बायबलमधली स्तोत्रं छंदोबद्ध करून सगळ्या सभेनं गायची, एवढंच संगीत. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला छापलेल्या स्तोत्रपुस्तकात नुसते शब्द होते. १६९८ च्या आवृत्तीत पहिल्यांदा १३ चाली छापल्या गेल्या. बहुतेकांकडे पुस्तक नसायचं, म्हणून डीकन (चर्चचा एक पदाधिकारी) एक ओळ म्हणायचा आणि सभा ती गायची, मग पुढची ओळ. दोन पिढ्यांत यातून जे व्हायचं ते झालं. आठवणीत राहिलेल्या चाली मोजक्या उरल्या, लय मंदावत गेली आणि प्रत्येक जण आपापल्या हरकती घेऊ लागला. एकच चाल शेजारच्या दोन गावांत ओळखू न येण्याइतकी वेगळी झाली.

१७२० च्या सुमारास काही धर्मगुरूंनी आग्रह धरला की गाणं कागदावरच्या स्वरलिपीप्रमाणे व्हावं. जॉन टफ्ट्स आणि थॉमस वॉल्टर यांची शिकवणीची पुस्तकं त्याच काळातली, आणि गाण्याच्या शाळा त्यांतूनच निघाल्या. ‘शाळा’ म्हणजे इमारत नव्हे. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की फिरता शिक्षक गावात यायचा, साधारण तीन महिने आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी वर्ग भरायचा. जागा मिळेल ती: चर्च, गावची शाळा, कधी खानावळीची माडी. मेणबत्ती ज्यानं त्यानं आणायची. पुस्तक मात्र विकत घ्यायचं, आणि बहुतेक वेळा ते शिक्षकानं स्वतः लिहिलेलं किंवा निवडलेलं असायचं. शेवटी गावासमोर जाहीर गायन. तरुण मुलामुलींना एकत्र जमायची ही जवळजवळ एकमेव सभ्य सबब होती, त्यामुळे वर्ग भरायला अडचण येत नसे.

बिलिंग्जनं १७६९ मध्ये जॉन बॅरी यांच्याबरोबर ओल्ड साउथ चर्चजवळ असा वर्ग काढल्याची जाहिरात आहे. तेव्हा त्याला २३वं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. १७७४ मध्ये स्टॉटन गावात त्यानं वर्ग घेतला आणि त्याच वर्षी ल्यूसी स्वॉन हिच्याशी लग्न केलं.

चार अक्षरांत सात स्वर

या वर्गांत ‘डो रे मी फा सोल ला टी’ नव्हतं. चारच अक्षरं होती: फा, सोल, ला, मी. शुद्ध स्वरसप्तक त्यांत असं बसतं:

सा = फा, रे = सोल, ग = ला, म = फा, प = सोल, ध = ला, नी = मी, सां = फा.

दोन वेगळ्या स्वरांना एकच नाव दिल्यानं गोंधळ होईल असं वाटतं, पण यामागं पक्कं कारण आहे. सा-रे-ग आणि म-प-ध या दोन्ही तुकड्यांत स्वरांमधली अंतरं सारखीच आहेत, पूर्ण आणि पूर्ण. म्हणून ‘फा सोल ला’ एकदा गळ्यावर बसलं की सप्तकाचे सहा स्वर हाती आले. उरला नी, म्हणजे मी. अर्धं अंतर दोनच ठिकाणी येतं: ग आणि म यांच्यात, आणि नी आणि सां यांच्यात. ही दोन्ही ठिकाणं ‘फा’च्या लगेच खाली आहेत. त्यामुळे विद्यार्थ्याला एकच नियम पुरतो: फाला खालून जाताना पाऊल लहान टाकायचं.

कागदावर सुरुवात ‘मी’ शोधण्यापासून व्हायची. चालीच्या आरंभी शार्प (स्वर अर्ध्या अंतरानं चढवणारी) किंवा फ्लॅट (तो तितकाच उतरवणारी) खूण नसेल तर मी ‘बी’ या स्वरावर. बी फ्लॅट असेल तर मी ‘ई’वर. एफ शार्प असेल तर मी त्याच एफवर. मी सापडला की त्याच्या वर फा सोल ला फा सोल ला, आणि खाली उतरताना ला सोल फा ला सोल फा. चाल मेजर (शुद्ध गंधाराची) असेल तर शेवट ‘फा’वर, मायनर (कोमल गंधाराची) असेल तर ‘ला’वर.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. आज हे संगीत त्रिकोण, गोल, चौकोन आणि हिरा अशा आकारांच्या स्वरांत छापलेलं दिसतं (फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी, मी हिऱ्याच्या आकाराचा). ते आकार १८०१ च्या सुमारास विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांच्या पुस्तकातून आले, म्हणजे बिलिंग्ज गेल्यानंतर. त्याच्या स्वतःच्या पुस्तकांत नेहमीचे गोल स्वर आहेत.

रचना लिहायचा क्रम, आणि त्यातून निघणारा आवाज

आपल्याकडं एका वेळी एक स्वरओळ चालते. बिलिंग्जकडे चार चालतात. वरून खाली त्यांची नावं ट्रेबल, काउंटर, टेनर आणि बेस. मुख्य चाल टेनरमध्ये असते, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात. आजच्या कानाला हे सर्वांत अनपेक्षित, कारण गेली दोनशे वर्षं चाल सर्वांत वरच्या आवाजाला देण्याची सवय पडली आहे.

१७९४ च्या ‘द कॉन्टिनेंटल हार्मनी’ या पुस्तकात बिलिंग्जनं शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संवादातून आपली पद्धत सांगितली आहे. आधी टेनर, म्हणजे चाल, पूर्ण लिहायची. मग तिच्याशी जुळणारा बेस. मग या दोघांशी जुळणारा ट्रेबल. सगळ्यात शेवटी काउंटर. तो स्वतःच म्हणतो की दुसरी ओळ पहिलीच्या ताब्यात, तिसरीला दोघींशी जमवून घ्यावं लागतं आणि चौथीला तिघींशी, म्हणून शेवटच्या ओळी क्वचितच पहिलीइतक्या चांगल्या उतरतात. त्याच्या मते रचनेतली खरी अडचण हीच: प्रत्येक ओळ वेगळी काढून गायली तरी चाल वाटली पाहिजे, आणि चौघी एकत्र आल्या की जुळल्याही पाहिजेत.

युरोपात त्याच काळी हायडन आणि मोत्सार्ट यांचं संगीत स्वरसंघातांच्या क्रमावर उभं होतं. तिथं एका क्षणी वाजणारे सगळे स्वर मिळून एक घटक, आणि हा घटक पुढच्या घटकाकडे कसा जातो याचे नियम. बिलिंग्जचा घटक आडवी ओळ आहे. उभ्या जुळणीत त्याची नजर मुख्यतः मोक्याच्या मात्रांवर असते. यातून तीन गोष्टी निघतात, आणि पुढच्या पिढीनं त्याला चुका म्हटलं ते बहुतेक याच तिघींबद्दल.

पहिली, गंधाराशिवायचा शेवट. ओळीच्या शेवटी, विशेषतः मायनर चालींत, नुसते सा आणि प वाजतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला यात काहीच खटकणार नाही, पण युरोपीय शाळेत हा संघात ‘रिकामा’ मानला जायचा. वाद्य नसताना गाणाऱ्यांना सगळ्यात अचूक जुळवता येतं ते सा-प हेच अंतर, शिवाय चौथ्या ओळीला गंधारावर नेण्यासाठी तिची चाल मोडावी लागत असेल तर बिलिंग्ज चाल राखतो.

दुसरी, समांतर पंचम. दोन आवाज सा-पच्या अंतरानं बरोबरीनं वर-खाली सरकले तर ते दोन न वाटता एकच जाडसर आवाज वाटतो, म्हणून युरोपीय नियम हे निषिद्ध मानतो. बिलिंग्जला हा नियम पुस्तकांतून ठाऊक होता. पण ओळी एकामागून एक रचल्या की तिसऱ्या-चौथ्या ओळीत असे पंचम सहज शिरतात, आणि ते काढण्यासाठी गाणाऱ्याच्या तोंडची ओळ वाकडी करणं त्याला पटत नव्हतं. १७७० च्या पुस्तकात त्यानं साफ लिहिलं की कोरडे नियम कुणाला चाल सुचवत नाहीत, खरी हुकूमत निसर्गाची, आणि प्रत्येक रचनाकारानं आपली वाट आपणच घडवावी. हे वाक्य वाचून त्याला नियम झुगारणारा बंडखोर ठरवणारे खूप आहेत. प्रत्यक्षात त्याच पुस्तकाच्या आरंभी पानंच्या पानं नियम दिलेले आहेत. ते अर्थातच गाणाऱ्यांसाठी.

तिसरी गोष्ट कागदावर दिसतच नाही. ट्रेबलची ओळ स्त्रिया आणि पुरुष दोघंही गायचे, पुरुष एक सप्तक खाली. टेनरच्या चालीलाही काही स्त्रिया वरच्या सप्तकात साथ द्यायच्या. म्हणजे लिहिलेल्या चार ओळींचे प्रत्यक्षात सहा आवाज व्हायचे. कागद बघून ‘विरळ’ वाटणारी रचना म्हणूनच खोलीत भरगच्च ऐकू येते.

फ्यूगिंग ट्यून

बिलिंग्जचं नाव ज्या प्रकाराशी कायमचं जोडलं गेलं तो हा. प्रकार त्यानं शोधला नाही, इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये तो आधीच रूढ होता. अमेरिकेत त्याला खरी भरती आली ती १७८० नंतर, डॅनिएल रीड, लुईस एडसन अशा रचनाकारांच्या हातून. नावात फ्यूग असला तरी जर्मन रचनाकार बाखच्या फ्यूगशी (एकच चाल आवाजाआवाजांत काटेकोर नियमांनी फिरवणाऱ्या रचनेशी) याचा संबंध दूरचा.

नेहमीचा छंद घेऊ: चार ओळी, अक्षरं ८, ६, ८, ६. पहिल्या दोन ओळी चारही आवाज एकत्र, एकाच लयीत गातात आणि थांबतात. तिसऱ्या ओळीला बेस एकटाच निघतो. एक माप (तालाचं एक आवर्तन) गेलं की टेनर तेच शब्द घेऊन जवळपास त्याच चालीत शिरतो. आणखी एका मापानंतर ट्रेबल, मग काउंटर. प्रवेशाचा क्रम बदलतो, पण सुरुवात बहुधा बेसची असते. चौघं आत आले की तीन-चार मापे वेगवेगळे शब्द एकाच वेळी ऐकू येतात, मग हळूहळू सगळे एका जागी येतात आणि शेवटची ओळ पुन्हा एकत्र संपते. हा दुसरा भाग पुन्हा एकदा गायचा.

बिलिंग्जला यात मजा कशाची वाटायची हे त्यानं लिहून ठेवलंय: प्रत्येक आवाज दुसऱ्यावर मात करायला बघतो, ऐकणाऱ्याचं मन आधी बेसकडं ओढलं जातं, मग टेनरकडं, मग काउंटर, मग चपळ ट्रेबल, आणि तो कुणाच्या बाजूनं आहे ते त्यालाच ठरवता येत नाही. जुन्या संथ चालींपेक्षा हे वीसपटीनं प्रभावी, असा त्याचा दावा. विरोधकांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं: स्तोत्राचे शब्द कळत नाहीत, आणि चर्चमध्ये शब्दच महत्त्वाचे. दोन्ही बाजू एकाच गोष्टीचं वर्णन करतायत. फ्यूगिंग ट्यूनचा आनंद आतून गाणाऱ्याला जास्त आहे, बाहेर बसून ऐकणाऱ्याला कमी.

याहून साधा नमुना हवा असेल तर १७७० च्या पुस्तकातला ‘व्हेन जीझस वेप्ट’ हा कॅनन घ्यावा. चार ओळींची एकच मायनर चाल आहे. पहिल्या गटाची ओळ संपली की दुसरा गट सुरुवातीपासून लागतो, मग तिसरा, मग चौथा. चौथा गट आत आला की चारही ओळी एकदम वाजत असतात. एकच चाल शिकायची आणि चार आवाजांचं संगीत हाती येतं, म्हणून नवशिक्यांच्या गटानं इथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं.

लय मोजायचं यंत्र

मेट्रोनोम अजून आलेला नव्हता. बिलिंग्जनं लोलक सुचवला आणि तो बनवायची कृतीही दिली: साधा दोरा घ्यायचा, त्याला नीट मेण लावायचं (नाहीतर ओलीनं लांबी बदलते), टोकाला कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, अगदी गोल कातलेला जड लाकडाचा गोळा बांधायचा आणि त्याला खडू किंवा चुना फासायचा, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात दिसतो. लांबी टांगण्याच्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची.

एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला बरोबर एक सेकंद लागावा तर लोलक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब हवा. जुन्या पद्धतीतल्या सर्वांत संथ गतीची ही मात्रा. पाऊण सेकंदाला सुमारे ५६ सेंटिमीटर, अर्ध्या सेकंदाला सुमारे २५. वेळ निम्मा करायचा तर लांबी पाव करावी लागते, आणि चूक इथंच होते: लय दुप्पट हवी म्हणून लोक दोरा अर्धा करतात, मग लय दुपटीऐवजी सुमारे १.४ पटच होते. गोळा जड की हलका यानं वेळ बदलत नाही, झोका फार मोठा दिला तर मात्र किंचित बदलतो.

ताल हातानं धरायचा. चार मात्रांत दोन खाली, दोन वर. तीन मात्रांत दोन खाली, एक वर. आजही या परंपरेत प्रत्येक गाणारा स्वतः हात हलवतो. फ्यूगिंग ट्यूनमध्ये आपला प्रवेश चुकू नये म्हणून याहून भरवशाचा उपाय नाही.

पुस्तकं, आणि क्रांतीचं वारं

१७७० च्या अखेरीस ‘द न्यू-इंग्लंड साम-सिंगर’ निघालं. सव्वाशेच्या आसपास रचना, सगळ्या एकाच अमेरिकन माणसाच्या. असं पुस्तक त्याआधी झालं नव्हतं. सुरुवातीचं चित्र कोरलं होतं पॉल रिव्हिअरनं, म्हणजे पुढं ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन क्रांतीत घोडदौडीमुळं प्रसिद्ध झालेल्या त्याच चांदीच्या कारागिरानं. छापणारे एड्स आणि गिल हे ब्रिटिशविरोधी ‘बॉस्टन गॅझेट’चे मालक. आयात कागदावरच्या करावरून तेव्हा रण पेटलं होतं, आणि अमेरिकेत बनलेला कागद मिळावा म्हणून बिलिंग्जनं छपाई लांबवली होती.

याच पुस्तकात ‘चेस्टर’ आहे. चालींना गावांची नावं द्यायची रीत होती, त्या गावाशी शब्दांचा संबंध असेलच असं नाही. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, चौघांनी एकत्र, कुठलीही गुंतागुंत नाही. शब्दांचा आशय असा: जुलमी राजे लोखंडी दंड परजू देत, गुलामी साखळ्या खुळखुळवू दे, आम्ही भीत नाही, न्यू इंग्लंडचा देव सदा राज्य करतो. १७७८ च्या ‘द सिंगिंग मास्टर्स असिस्टंट’मध्ये त्यानं हौ, बर्गॉइन, क्लिंटन, कॉर्नवॉलिस या ब्रिटिश सेनापतींची नावं घेणारी कडवी जोडली. क्रांतिकाळात हे गाणं सैन्यातही पोचलं. एकदा ऐकून पाठ होणारी चाल आणि कूच करायला जमेल अशी लय, दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

त्याच पुस्तकातलं ‘लॅमेंटेशन ओव्हर बॉस्टन’ १३७व्या स्तोत्रावर बेतलेलं. बाबिलोनच्या नद्यांच्या जागी वॉटरटाउन गावची नदी, आणि सियोनच्या जागी बॉस्टन. एप्रिल १७७५ ते मार्च १७७६ बॉस्टनला वेढा पडला होता आणि लोक आसपासच्या गावांत विखुरले होते, हे ध्यानात घेतलं की त्यातला आकांत कळतो.

१७७८ चं पुस्तक पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिलं पुस्तक म्हणजे आपलं थोरलं अपत्य, पण बायबलमधल्या रऊबेनसारखं चंचल, त्यातल्या बऱ्याच रचना छापायच्या लायकीच्या नव्हत्या, असं त्यानं प्रस्तावनेतच कबूल केलं. टीकाकारांनी म्हटलं होतं की तुझ्या संगीतात विसंवादी स्वर फारच कमी. उत्तरादाखल त्यानं ‘जार्गन’ लिहिलं: काही ओळींचीच रचना, जवळपास पूर्ण बेसूर संघातांची, आणि सोबत विसंवादाच्या देवीला पत्र. ती सादर कशी करावी? गाढवाचं ओरडणं, करवत कानसणं, भुकेल्या डुकराचं किंचाळणं आणि तेल नसलेल्या गाडीच्या चाकाचा कर्कश आवाज, या चार आवाजांत.

पैसा कुठं अडला

त्या काळी रचनेचा मोबदला असा काही प्रकार नव्हता. उत्पन्न दोन वाटांनी यायचं: वर्गाची फी आणि पुस्तकाची विक्री. विक्री राखायची तर दुसऱ्यानं चाली छापू नयेत. बिलिंग्जनं १७७० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडं हक्कासाठी अर्ज केला. १७७२ मध्ये त्याचं विधेयक मंजूरही झालं, पण ब्रिटिश गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांनी सही केली नाही. राज्याचा कायदा झाला १७८३ मध्ये, संघराज्याचा १७९० मध्ये. तोवर ‘चेस्टर’, ‘ब्रुकफील्ड’, ‘अ‍ॅमहर्स्ट’, ‘लेबनॉन’ या चाली सगळीकडं पसरल्या होत्या. १७८६ मध्ये वुस्टरच्या आयझाया थॉमसनं खिळ्यांच्या टाइपमध्ये मोठा संग्रह छापला. अशा संग्रहांत अनेकांच्या गाजलेल्या चाली एकत्र मिळत, मग एकट्या बिलिंग्जचं पुस्तक कोण घेणार? त्याचं गाणं जितकं पसरलं तितका त्याचा ग्राहक घटला.

१७८० च्या दशकाच्या अखेरीस तो नगरपालिकेची किरकोळ कामं करताना दिसतो: मोकाट डुकरांवर देखरेख, रस्त्यांची सफाई करून घेणं, कमावलेल्या चामड्यावर तपासणीचा शिक्का मारणं. १७९० मध्ये बॉस्टनच्या गायकांनी त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. ‘द कॉन्टिनेंटल हार्मनी’ हे शेवटचं पुस्तकही गायकांच्या पाठबळावर निघालं. पत्नी १७९५ मध्ये गेली, तो २६ सप्टेंबर १८०० रोजी. बॉस्टन कॉमनजवळच्या दफनभूमीत त्याला पुरलं, कबरीवर खूण नाही. मागं तीनशेहून अधिक रचना.

त्याच सुमारास शहरी चर्चमध्ये वारं फिरलं होतं. आधी अँड्र्यू लॉ, नंतर थॉमस हेस्टिंग्ज आणि लोवेल मेसन यांनी युरोपीय धर्तीच्या सौम्य, ‘शास्त्रशुद्ध’ चाली आणल्या आणि बिलिंग्जची पिढी अडाणी ठरली. ती टिकली दक्षिणेतल्या खेड्यांत. १८४४ मध्ये जॉर्जियातल्या बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी काढलेल्या ‘द सेक्रेड हार्प’ या आकारस्वरांच्या पुस्तकाच्या परंपरेत ‘आफ्रिका’, ‘डेव्हिड्स लॅमेंटेशन’, ‘रोझ ऑफ शॅरन’ आजही गायले जातात. ‘आफ्रिका’ हेही नुसतं चालीचं नाव. शब्द आयझॅक वॉट्सच्या भक्तिगीताचे आहेत.

आज गायचं तर

गट कसा बसवायचा: चौरस करून, चार बाजूंना चार आवाज, तोंडं आत, चाल सुरू करून देणारा मधोमध. आधी एकदा फा-सोल-ला अक्षरांत पूर्ण चाल म्हणायची, मग शब्द.

बेस जड ठेवायचा. बिलिंग्जचा सल्ला होता की ४० माणसं असतील तर २० बेसला, त्यांतले अगदी खर्जाचे सहा-सात एक सप्तक आणखी खाली, आणि उरलेले २० वरच्या तीन ओळींत वाटायचे. आजच्या समूहात नेमकं उलटं असतं, सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत वरचा आवाज) भरपूर आणि बेसला तिघं. मग फ्यूगिंग ट्यूनचा पहिला प्रवेशच ढासळतो आणि मागून येणाऱ्यांना आधार राहत नाही. निम्मे बेस जमवणं अवघड असेल तर किमान तिसरा हिस्सा तरी हवा.

ट्रेबल फक्त स्त्रियांना देऊ नये. दिला तर वरची ओळ चाल वाटू लागते आणि टेनरमधली खरी चाल बुडते. गोड करण्यासाठी शेवटच्या सा-पमध्ये कुणी गंधार घालत असेल तर थांबवावं. कागदावरची सुरुवातीची पट्टी पवित्र मानू नये. वाद्य नसतं, तेव्हा गळ्याला सोसेल असा सा धरायचा. आणि आवाज सुरुवातीपासून मोकळा हवा, चर्चचं संगीत म्हणून दबकत गायलं की ओळींची चुरस हरवते.

ऐकायला सुरुवात करताना ‘व्हेन जीझस वेप्ट’, ‘चेस्टर’, ‘आफ्रिका’ या क्रमानं जावं, मग १७८१ मधलं ‘मॉडर्न म्युझिक’. त्यात गाणारे जे करणार आहेत तेच शब्दांत सांगत जातात: आता एकेक आवाज आत येईल, आता सूर बदलेल, आता ताल बदलेल. विल्यम शूमनच्या १९५६ मधल्या ‘न्यू इंग्लंड ट्रिप्टिक’मध्ये वाद्यवृंदासाठी बिलिंग्जच्या तीन रचना घेतल्या आहेत. ते संगीत जोरकस आहे, पण ते शूमनचं आहे. मूळ स्वरलिपीसाठी १९७७ ते १९९० दरम्यान चार खंडांत निघालेली समग्र आवृत्ती वापरावी. इतर छापील प्रत हाती आली तर आधी चाल कोणत्या ओळीत आहे ते पाहावं. ती सर्वांत वरच्या ओळीत असेल, तर नंतरच्या कुणीतरी ओळींची अदलाबदल केलेली आहे आणि बहुधा रिकाम्या पंचमांत गंधारही भरलेले आहेत.